द्राक्षांची कढी

माझ्या वाचकांचा असा एक गोड गैरसमज आहे की मला उत्तम स्वयंपाक येतो. माझ्या कथांमधल्या बायका सारख्या काही ना काही रांधत असतात, कुणाची आमटी उकळत असते, कुणाची भाकरी टम्म फुगलेली असते, आणि ते वाचून लोक पत्रं लिहितात की ताई, एकदा तुमच्या हातचं जेवायचंय. मी त्यांना छानसं उत्तर पाठवते आणि पत्ता द्यायला विसरते. ह्या गैरसमजाची सुरुवात माझ्या नाशकातल्या शाळकरी दिवसांत झाली. आजवर मी ती गोष्ट झाकून ठेवली होती. आता वय झालं, डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तेव्हा निदान बोलण्यात तरी ते असू द्यावं म्हणून सांगून टाकते.

माझं नाव सुजाता. तथागतांना खीर देणाऱ्या बाईचं नाव दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोठ्या हौसेनं मला ठेवलं. वैशाख पौर्णिमेला वसाहतीच्या विहारात खिरीचं पातेलं आलं की दरवर्षी कुणीतरी हटकून विचारायचं, "सुजाता, खीर तू केलीस का गं?" आणि मी तोंड उघडायच्या आत आई म्हणायची, "तिनं केली असती तर विहार रिकामा झाला असता." सगळे हसायचे, मीही हसायचे आणि दुसऱ्यांदा वाटी पुढं करायचे. घरातली कामाची वाटणी अशी ठरलेलीच होती. दादा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून, ते पगार आणि वर्तमानपत्र आणायचे, आई रांधायची, आणि मी खायचे आणि वाचायचे, बरेचदा एकाच वेळी. माझ्या तेव्हाच्या पुस्तकांची पानं अजून आहेत माझ्याकडे. कुठल्या ऋतूत काय वाचलं ते त्यावरच्या डागांवरून सांगता येईल.

दोन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, बाहेर सामाईक नळ. ऋतू आमच्याकडे आकाशातून यायच्या आधी पिशवीतून यायचे. थंडी पडली की, आणि नाशकात ती तेव्हा अशी पडायची की खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय केस विंचरता येत नसत, वाटाण्याच्या शेंगा, बोरं, पेरू, आणि मामाच्या गावाकडून हुरडा. मग द्राक्षं. पिंपळगावकडून भरलेले टेम्पो जायचे आणि जी द्राक्षं मुंबईला पाठवण्यासारखी नसत, देठावरून गळलेली, बारीक, आंबट, ती हातगाडीवर ढिगानं मिळायची. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक, त्यात मीठ-जिरं घालून गरम गरम वाटीत. पावसाळ्यात पेठच्या डोंगराकडच्या बायका नदीकाठच्या बाजारात पाटीभर रानभाज्या घेऊन बसायच्या. त्यांची नावं त्या त्यांच्या बोलीत सांगायच्या, आई आपल्या बोलीत विचारायची, आणि हातवारे करून दोघींचं बरोबर जुळायचं. आई येवल्याकडच्या एका खेड्यातली, तिसरीपर्यंत शिकलेली. शहरात येऊन पंधरा वर्षं झाली तरी तिची भाषा गावातून हलली नव्हती. वाचायची बोट ठेवून, एकेक अक्षर फोडून. स्वयंपाकात मात्र तिचा हात असा सरसर चालायचा की बघणाऱ्याला काही कळायचंच नाही. किती मीठ? "लागंल तेवढं." किती वेळ? "व्हईपर्यंत." तिला प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला उत्तरं नकोच होती. मला ताट हवं होतं.

मी तेव्हा दहावीत होते आणि कवयित्री होते. दोन्ही गोष्टींचा मला फार अभिमान होता. गावात एक साप्ताहिक निघायचं. त्याचं नाव सांगत नाही, कारण संपादकांची नातवंडं आता मोठी झाली आहेत आणि भेटली की माझ्या पाया पडतात. रविवार कारंज्याजवळ सायकलच्या दुकानावर त्यांची खोली होती, आणि तिथं मी शाळेतून परस्पर जाऊन चार कविता देऊन आले होते. तिन्ही ऋतूंवर एकेक, आणि चौथी मरणावर. संपादकांनी त्या चष्मा कपाळावर ढकलून वाचल्या, म्हणजे वाचल्याच नाहीत. "बाळ," ते म्हणाले, "कवितांनी ते कपाट भरलंय. माझ्याकडे 'माजघर' पान रिकामं पडतंय. तुझ्या आईची एखादी पाककृती आण. खाली नाव-पत्ता छापतो." छापतो हा एकच शब्द मला ऐकू आला.

मी पहिल्यांदा पाठवले ते हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे, शेंगोळे. आमच्या घरचा राजा पदार्थ. हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजलेल्या; थंडीत एक ताटली खाल्ली की नाक आणि डोळे दोन्ही वाहायला लागायचे. कृती मी आईला न विचारता, आठवून आठवून लिहिली. "पाणी दोन वाट्या," असं ठोकून दिलं आणि खाली आईचं नाव टाकलं. आठ दिवसांनी संपादक म्हणाले, "हे नको गं. हे काय, खेड्यात घरोघरी असतं. शिवाय हुलगे म्हणजे... आमच्या वाचक भगिनींना जरा सुधारित काहीतरी लागतं." त्या शिवायच्या पुढं काय होतं ते मला पंधराव्या वर्षीही कळलं होतं. आमच्या आडनावाकडे बघून लोक असेच मध्येच थांबत. मला राग आला. पण रागापेक्षा छापून यायची हौस मोठी होती, हेही मान्य करते.

मग मी सुधारित लिहायला लागले. चुलीशी माझा संबंध नव्हता, पण कल्पनाशक्तीला कुठं इंधन लागतं? पहिल्यांदा छापून आले पेरूचे वडे. मग काकडीचा शिरा. मग कांद्याची बासुंदी, जी लिहिताना मी स्वतःवरच खूश होऊन दोनदा उठून फेऱ्या मारल्या होत्या. भाषा मी मासिकांतून उचलली होती. "मंदाग्नीवर परतावे", "सोनेरी रंग येताच उतरवावे", "पाहुण्यांना नक्कीच आवडेल." आणि खाली ठळक अक्षरांत सौ. कौसल्या गांगुर्डे, आणि आमचा पत्ता. साप्ताहिक दादांकडे यायचं. ते सकाळच्या चहाला आईला मोठ्यानं वाचून दाखवायचे. म्हणून मी नळाला पाणी यायच्या आधीच उठून कृतीची चौकट कात्रीनं कापून घ्यायचे आणि शाळेच्या वहीसाठी भूगोलाचं कात्रण म्हणून सांगायचे. दादा त्या भोकाच्या अवतीभवतीचं वाचायचे. एकदा म्हणाले, "काय गं, ह्या वर्षी भूगोल नेहमी पाचव्याच पानावर येतो?" मी म्हटलं, "हो ना, त्यांची पद्धतच आहे."

द्राक्षांची कढी हा माझा कळस होता. एक तर हंगाम, दुसरं म्हणजे नाशिक, आणि तिसरं म्हणजे पाटी उशाशी घेऊन द्राक्षं खात खात मी ती लिहिली. अर्धी चिरलेली द्राक्षं ताकात घालून चांगली उकळावीत, बेसन लावावे, वरून हिंग-मोहरीची फोडणी द्यावी आणि शेवटी चमचाभर गुलकंद. गुलकंद का, ह्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. लिहिताना तो शब्द छान वाटला.

कृती छापून आली आणि नंतरच्या रविवारी दुपारी आमच्या दारात एक बाई उभ्या राहिल्या. आई अंगणात मसाल्याच्या मिरच्यांची देठं मोडत बसली होती. मी उंबऱ्यात. बाईंची साडी कडक इस्त्रीची, हातात पर्स आणि पर्समध्ये, मला लगेच दिसलं, माझं कात्रण. "सौ. कौसल्या गांगुर्डे आपणच ना?" त्यांनी विचारलं. त्या गंगापूर रोडकडच्या एका महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या, लीलाताई. आई गोंधळली. वसाहतीत ती सुजाताची आई होती, दादांची "अगं" होती, बाजारात मावशी होती. सौ. कौसल्या असं तिला आजवर कुणी हाक मारून विचारलं नव्हतं. लीलाताईंनी कात्रण पुढं केलं. आईनं तिखटाचे हात पदराला पुसले, कागद घेतला, आणि कृतीकडे न बघता खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "सौ... कौ... स... ल्या." मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा तिनं ते मनात वाचलं. ओठ हलत होते म्हणून मला कळलं.

"काय कल्पना आहे हो तुमची!" लीलाताई म्हणत होत्या. "आम्ही सगळ्या येत्या शनिवारी चारला जमतोय. आपण येऊन करून दाखवाल का? प्रात्यक्षिक?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी पत्र्याखालच्या पालीकडे बघितलं. आता सगळं बाहेर येणार, असं मला वाटलं आणि मी डोळे मिटले.

"यीन की," आई म्हणाली. "तुमच्याकडं पाटा-वरवंटा हाय का?"

लीलाताई हसल्या, मिक्सर आहे म्हणाल्या, आणि गेल्या. त्यांची रिक्षा वळेपर्यंत आई दारात उभी राहिली. मग सावकाश माझ्याकडे वळली. "कढीत द्राक्षं?" मी मान हलवली. "आन ह्याच्या आधी काय काय केलंय म्या?" मी सांगितलं. पेरूच्या वड्यांना ती उभी होती. काकडीच्या शिऱ्याला तिनं कपाळाला हात लावला. कांद्याच्या बासुंदीला खाली बसली. "कांद्याची?" मी चाचरत म्हटलं, "लासलगाव जवळ आहे ना, म्हणून." मारणार असं वाटत होतं. तिनं मारलं नाही, मिरच्यांचे हात होते म्हणून असेल. मी रडत म्हटलं की मी जाऊन खरं सांगते, तू येऊ नकोस. तेव्हा ती जे बोलली ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "नाव माझं हाय त्या कागदावर. नाय म्हनलं तर खोटी कोन ठरंल? आन ह्या बायांनी आपल्यातल्या कुणाला आजवर बलावलंय का? पयल्यांदा बलावलं आन जायचं नाय?" त्या क्षणी मला माझी चोरी केवढी होती ते कळलं. शनिवारी कढी बिघडली तर मंडळातल्या बायका एका कौसल्याबाईला हसणार नव्हत्या. ह्या लोकांना स्वयंपाक तर येत नाहीच, वर खोटंही बोलतात, असं म्हणून त्या आमच्या अख्ख्या वसाहतीला हसणार होत्या. आणि ते माझ्यामुळे.

सोमवारपासून आमच्या घरात द्राक्षांच्या कढीशिवाय दुसरं काही झालं नाही. आईचा एकच हट्ट. छापलंय तसंच करायचं, कारण त्या बाया कागद समोर धरून बसणार. सोमवारी कढी फाटली. मंगळवारी फाटली आणि लागली. बुधवारी फाटली नाही, पण गुलकंद घालताच तिला असा रंग आला की दादांनी ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "औषध आहे का?" प्रत्येक पातेलं आधी माझ्यासमोर यायचं. "तू लिवलंय ना? मंग खा." मी खाल्लं. गरम ताकात उकळलेलं द्राक्ष दाताखाली फुटतं तेव्हा काय होतं ते मी शत्रूलाही सांगणार नाही. बिचारे दादा भाकरी मीठ लावून खायचे, आणि शेजारच्या पगारेमावशींना मंगळवारपासून अचानक रोज उपास असायला लागले. गुरुवारी आईनं चूल जवळजवळ विझवून, निखाऱ्यांवर, बेसन आधी ताकात घुसळून, द्राक्षं अगदी शेवटी टाकली आणि लगेच खाली उतरवलं. "चांगली उकळावीत म्हंजी किती, ते कुठं लिवलंय तू?" ती म्हणाली. शुक्रवारी दादांनी एक अख्खी वाटी संपवली आणि तोंड वाकडं केलं नाही. आम्ही तिघंही इतके खूश झालो की आईनं त्या दिवशी खीर केली.

शनिवारी तिनं पोपटी साडी नेसली. विहारात जायची पांढरी काढून ठेवली, कढी सांडली तर दिसेल म्हणाली. मी भांड्यांची पिशवी धरून मागं. मंडळाच्या हॉलमध्ये चाळीसेक बायका खुर्च्यांवर बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर वही आणि पेन. समोर टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं. द्राक्षं तर अशी टपोरी की आमच्या हातगाडीवर कधी दिसली नसती. एका बाईंनी आईला जवळ बोलावून गोड आवाजात विचारलं, "गांगुर्डे म्हणजे आपण कुठल्या?"

"येवल्याकडच्या."

"नाही, तसं नव्हे..."

"मंग कसं?" आईनं इतक्या साधेपणानं विचारलं की बाईंनी पेनाचं टोपण शोधायला सुरुवात केली.

इथवर सगळं ठीक होतं. पण टेबलावर गॅसची शेगडी होती, आणि आमच्याकडे चूल आणि रॉकेलचा स्टो. आईनं गॅसला उभ्या जन्मात हात लावला नव्हता. लीलाताईंनी शेगडी पेटवून दिली आणि तो निळा जाळ असा भसकन वर आला की आई एक पाऊल मागं सरकली. निखाऱ्यावरचं सगळं शिक्षण वाया गेलं. ती बटण फिरवायची तर जाळ कमी व्हायच्या ऐवजी मोठा व्हायचा. मी दाराजवळून बघत होते. ताकाला कढ आला, द्राक्षं वर आली, आणि एका क्षणात सगळी कढी फाटली. पाणी वेगळं, गाठी वेगळ्या. चाळीस बायका माना उंचावून बघत होत्या. मला हुंदका आवरेना.

आईनं पळी घातली, ढवळलं, एकदा पातेल्यात आणि एकदा समोर बघितलं. "अशी फाटली," ती शांतपणे म्हणाली, "म्हंजी समजायचं, झाली."

चाळीस पेनं वहीवर चालायला लागली. मी आजवर लिहिण्याबद्दल पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत आणि नाइलाजानं काही दिलीही आहेत, पण लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून आवाज कसा ठेवायचा ते मला त्या एका वाक्यानं शिकवलं. आईनं गुलकंदही घातला. वाट्या फिरल्या. पहिल्या घोटाला बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वा! वेगळीच चव आहे नाही?" आणि मग सगळीकडून, वेगळीच, अगदी वेगळी, असं कधी खाल्लं नव्हतं. ते शेवटचं मात्र खरं असावं. तिसऱ्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या बाईंनी तर दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. आईनं ती भरून दिली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते फक्त मला दिसलं. आम्ही वाचलो होतो.

मग लीलाताई बोलायला उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की ह्या भगिनींचं सदर साप्ताहिकात कायमचं चालू करा असं पत्र मंडळातर्फे संपादकांना जाईल, फोटोसकट. टाळ्या झाल्या. आईनं पदर सारखा केला. फोटो म्हटल्यावर तिची मान जरा उंच झाली होती, मी बघितलं. "अशा कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात," लीलाताई पुढं म्हणाल्या, अगदी प्रेमानं म्हणाल्या. "कौसल्याबाई, ही तुम्हाला तुमच्या आईंनी शिकवली असेल ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. एवढा वेळ तिनं ज्या बेधडकपणे सगळं निभावलं त्याच्यापुढं हे काहीच नव्हतं. पण आईच्या हातातली पळी थांबली. "नाय," ती म्हणाली. "माझ्या आईनं असलं कधी केलं नाय. दुष्काळात आमी सात लेकरं व्हतो. तिनं मूठभर हुलगे उकळून आमाला जगवलं, आन ज्येवढं केलं त्येवढं पोरांनी बोटं चाटून खाल्लं. तिच्या नावावर ही कढी नका घालू." आईनं पळीनंच दाराकडे दाखवलं. "ही माझी लेक. ह्ये सगळं हिनं लिवलंय. पेरूचे वडं, कांद्याची बासुंदी, समदं. एरवी आमच्या घरी ह्ये कुणी करतबी नाय, खातबी नाय. हिला स्वैपाक येत नाय. लिवता मातर येतं."

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं, आणि त्याच वेळी आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी भर सभेत मला लेखिका म्हटलं होतं, हेही कानात घुमत होतं. लाज आणि आनंद एकदम आले की माणूस कसा दिसतो कुणास ठाऊक. मी पिशवी छातीशी धरून उभी होते. चष्मेवाल्या बाईंनी आपली भरलेली वाटी हळूच खुर्चीखाली सरकवली. लीलाताई मनानं चांगल्या असाव्यात, कारण त्यांनी स्वतःला सावरलं आणि म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो." पण पत्राचा आणि फोटोचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. भांडी आम्हीच धुतली.

परतताना आई अशोकस्तंभापर्यंत माझ्या पुढं झपाझपा चालत राहिली. मी रडत मागून चालले होते. तिथं चौकात ती थांबली, भिंतीला टेकली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "ती चष्मेवाली गं! दोनदा! अशी फाटली म्हंजी झाली म्हनलं, तर लिवून घेतलं!" मलाही हसू फुटलं, पण पुरतं येईना. "तू सांगितलंस कशाला?" मी विचारलं. "तुझा फोटो आला असता." तिनं नाक पुसलं. "सांगितलं नसतं तर त्या घरी जाऊन रोज कुणाला ना कुणाला ती कढी पाजत बसल्या असत्या." मग समोरच्या रहदारीकडे बघत म्हणाली, "नाव छापलं त्ये ग्वाड लागलं मला. खोटं कशाला बोलू. पर सुजे, माझं नाव छापायचं तर माझं कायतरी छाप."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिनं मला परातीसमोर बसवलं आणि हुलग्याच्या पिठाचा डबा पुढं ढकलला. मी वही घेऊन बसले तर तिनं वही बाजूला फेकली. "आधी हात घाल." लसूण, मिरची, जिरं पाट्यावर वाटून माझे हात दिवसभर भाजत होते. पीठ घट्ट मळायला तासभर गेला, कड्या वळताना तीन मोडल्या. रश्श्याला पाणी किती घालायचं हे मी विचारलं, आणि मीच दोन वाट्या म्हटलं, तर ती हसली. तेव्हा मला दिसलं की इतकी वर्षं ती काय करत होती. कड्या वळून झाल्यावर परातीला जे पीठ चिकटून राहतं ते ती पाण्यानं खळखळून धुवायची आणि ते पांढुरकं पाणी रश्श्यात ओतायची. त्यानंच रस्सा दाट व्हायचा. परात स्वच्छ होईल एवढं पाणी, ना कमी ना जास्त. दुष्काळात पिठाचा कणही वाया जाऊ नये म्हणून तिच्या आईनं काढलेली रीत. मी ती पंधरा वर्षं खात होते आणि मला माहीत नव्हती. मला स्वतःचीच फार लाज वाटली, आणि ती कृती मी रडत रडत लिहिली. एकही शब्द मासिकातला नव्हता.

साप्ताहिकानं ती परत पाठवली. मी पुन्हा पाठवली. तीही परत आली. तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन संपादकांच्या टेबलावर ठेवली आणि ते हो म्हणेपर्यंत जिन्यात बसून राहिले. थंडी पुन्हा आली होती तेव्हा कुठं एका सकाळी दादांच्या हातातला अंक फडफडला आणि ते म्हणाले, "आलं बरं का." ह्या वेळी मी काही कापलं नव्हतं. शेवटच्या पानावर, बाजारभावाच्या खाली, बारीक टायपात. दादांनी चहा खाली ठेवला आणि वाचायला सुरुवात केली. आई चुलीपुढं पाठमोरी बसून ऐकत होती. हुलगे भाजून दळावेत, तिनं मान हलवली. लसूण भरपूर, मान हलवली. परातीला लागलेले पीठ धुऊन तेच पाणी रश्श्यात सोडावे, इथं तिचे हात थांबले. दादा शेवटच्या ओळीपर्यंत आले. त्यांनी पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. खाली नाव नव्हतं. जागा पुरली नसावी, किंवा पुरवली नसावी. पत्ताही नव्हता, काहीच नव्हतं. मी अंक हिसकावून घेतला आणि म्हटलं की मी आत्ताच्या आत्ता तिथं जाते, त्या माणसाला विचारते, माझ्या आईचं नाव कुठं आहे म्हणून. मी चप्पल घालत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

"बस खाली," आई म्हणाली. तिनं माझ्या हातातून अंक घेतला, चुलीच्या उजेडात धरला, आणि बोट ठेवून परातीची ती एक ओळ स्वतः वाचून काढली, एकेक अक्षर, शेवटपर्यंत.

"पानी बराबर हाय," ती म्हणाली.